आधी आकडा, मग मजकूर

दिवाळी अंक निघतो तेव्हा त्यात हात घालणारा प्रत्येक माणूस आपल्या कामाचे पैसे घेतो. कागदवाला घेतो. छापखानेवाला निम्मे आधी आणि निम्मे अंक उचलताना घेतो. अक्षरजुळणी करणारा पानाच्या हिशेबाने घेतो, मुखपृष्ठाचा चित्रकार घेतो, बाइंडर घेतो, कुरिअरवाला वजनावर घेतो आणि विक्रेता आपली टक्केवारी आधी कापून उरलेले देतो. हे सगळं रास्तच आहे, कारण या सगळ्यांनी काम केलेलं असतं. मात्र ज्याच्या मजकुरासाठी एवढा खटाटोप चालला, त्या लेखकापाशी आलं की हिशेबाची वही बंद होते. त्याला अंकाची एक प्रत मिळते, आणि तीही बऱ्याचदा दोनदा आठवण केल्यावर.

मी मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिते आणि पोटासाठी अनुवाद करते. लेखकाच्या रोजच्या झगड्याबद्दल बोला, असं मला अनेकदा सांगतात. विचारणाऱ्यांच्या मनात कोऱ्या पानाची धास्ती असते, सुचत नाही तेव्हाची तगमग असते, पहाटेचा चहा आणि खिडकीतलं झाड असतं. सुचण्या-न सुचण्याचा झगडा खराच आहे. पण तो माझा आणि माझ्या वहीचा मामला आहे, आणि तो मी निस्तरते. रोजचा खरा झगडा वेळेचा आहे. मराठीत लेखकाच्या वेळेला किंमत नाही आणि ती मागणं असभ्य समजतात. या फुकटेपणाला आपण ‘सेवा’, ‘साधना’, ‘सरस्वतीचा वरदहस्त’ असली नावं देऊन देव्हाऱ्यात बसवलं आहे. त्याचा परिणाम एवढाच नाही की लेखक गरीब राहतो. परिणाम असा की कुणी लिहायचं हे आधीच ठरून जातं.

कथा लिहिणं म्हणजे नेमकं काय काम असतं, ते आधी सांगते. ऊसतोडीवर कथा लिहायची तर फडावर जावं लागतं. एसटीचं तिकीट, कारखान्याच्या गावात मुक्काम, जेवणखाण हा खर्च लेखकाचा. तिथे गेल्यावर कळतं की मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असतो. उचल त्या कोयत्याच्या नावावर दिली जाते आणि बाईच्या हातात तिच्यातलं काही पडतंच असं नाही. अंधार असताना कोपीतली चूल पेटते, तान्हं पोर फडाच्या कडेला झोपवलं जातं. मोळी बांधताना बाई गुडघा कुठे रोवते, ती उचलताना चुंबळ कशी सावरते, फळीवरून ट्रकवर चढताना तिची नजर कुठे असते, हे घरी बसून लिहिता येत नाही. परत आल्यावर पहिला खर्डा होतो आणि तो बहुतेक वेळा खोटा असतो. त्यात लेखकाची कणव फार आणि ती बाई थोडी असते. तो फाडायचा. दुसऱ्या खर्ड्यात ती बाई बोलायला लागते, पण पुस्तकातल्यासारखी बोलते. तिची बोली कानात पुन्हा भरून घ्यायची आणि तिसरा करायचा. मग एक एक वाक्य मोठ्याने वाचत सोलायचं. छापलेली बारा पानं वाचक अर्ध्या तासात संपवतो. त्यामागे महिने गेलेले असतात.

एवढ्यावर भागत नाही. मी मजकूर युनिकोडमध्ये पाठवते. जुळणीवाला तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेतो आणि त्यात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’च्या जागी चौकटी येतात, जोडाक्षरांचे पाय मोडतात. रात्री अकराला पीडीएफ येते आणि खाली निरोप असतो, ‘ताई, सकाळपर्यंत बघून द्या, फॉर्म सुटायचाय.’ म्हणजे जो मुद्रितशोधक ठेवायला हवा होता त्याचं कामही लेखकानेच करायचं, तेही रात्रपाळीत आणि तेही फुकट. न केलं तर चुका आपल्या नावावर छापून येतात, म्हणून आपण बसतो आणि करतो. आपण करणार हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

आषाढ लागला की फोन सुरू होतात. असा एक संवाद जसा झाला तसा देते.

‘ताई, यंदा आपल्या अंकाला तुमची कथा हवीच. गणपतीच्या आत द्या.’

‘देईन की. मानधन किती देणार?’

पलीकडे शांतता. मग, ‘अहो ताई, तुम्ही असं विचाराल असं वाटलं नव्हतं. अंक आपलाच आहे. कागद काय भावाने झालाय, तुम्हाला माहीत आहे. जाहिराती पण पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत.’

‘छापखान्याचं बिल देणार ना?’

‘ते तर द्यावंच लागतं. नाहीतर तो अंकच सोडत नाही.’

या शेवटच्या वाक्यात मराठी साहित्यव्यवहाराचं सगळं अर्थशास्त्र आलं. छापखानेवाल्याला पैसे मिळतात, कारण तो अंक अडवून ठेवू शकतो. लेखकाला मिळत नाहीत, कारण त्याने कथा आधीच देऊन टाकलेली असते. गरज दोघांचीही सारखीच असते. वचक एकाचाच असतो. सरस्वती, संस्कृती, परंपरा हे शब्द छापखानेवाल्याला कुणी ऐकवत नाही, कारण तो ते ऐकून घेणार नाही. ते ऐकून घेणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत.

सगळे संपादक असे नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. न मागता आकडा सांगणारे, कथा स्वीकारल्या-स्वीकारल्या पैसे खात्यात टाकणारे संपादक मराठीत आहेत. त्यांचे अंक काही लाखांनी खपत नाहीत आणि कागद त्यांनाही त्याच भावाने मिळतो. तरी ते देतात, कारण अंकाचा ताळेबंद मांडताना लेखकाचा रकाना ते पहिल्यापासून धरतात. बाकीचे तो रकाना आखतच नाहीत आणि मग वर्षाखेरीला उरत नाही म्हणून गळा काढतात.

दिवाळी अंकाच्या परंपरेचा अभिमान सगळ्यांनाच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा धरतात. शंभर वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात अंकाची छपाई खिळ्यांवरून ऑफसेटवर गेली, मुखपृष्ठं गुळगुळीत झाली, सहकारी बँकांच्या, साखर कारखान्यांच्या, बांधकाम व्यावसायिकांच्या आणि भावी आमदारांच्या शुभेच्छांची रंगीत पानं आली. त्या पानांचा दर ठरलेला असतो. मागचं कव्हर, आतलं कव्हर, पूर्ण पान, अर्धं पान, असं दरपत्रकच छापलेलं असतं. शुभेच्छांच्या पानाला दर आहे आणि कथेच्या पानाला नाही, ही गोष्ट कुणाला खटकत नसेल तर त्या परंपरेचा अभिमान कसला धरायचा?

आता अनुवादाकडे या. मी कुकरच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करते तेव्हा शब्दाला दर असतो. दर तुटपुंजा असतो, त्यावर घासाघीसही होते, पण काम हाती घेण्याआधी मेल येते आणि त्यात आकडा असतो. शिटी कशी बसवायची आणि गॅस्केट कधी बदलायची हे सांगणाऱ्या मराठी शब्दाला बाजार पैसे मोजतो. तेच हात, तीच भाषा, तोच कळफलक. त्याच दिवशी संध्याकाळी मी फडावरच्या बाईबद्दल लिहायला बसले की त्या शब्दांची किंमत शून्य होते. हा उफराटा न्याय बाजाराने केलेला नाही. साहित्यावर प्रेम करतो म्हणणाऱ्यांनी केलेला आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. मोठमोठ्या लेखकांनी नोकऱ्या सांभाळूनच लिहिलं ना? लिहिलं. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत होते. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्यात, अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. या यादीचा आपण कौतुकाने जप करतो. पण तिचा अर्थ नीट वाचा. मराठी साहित्याचा खर्च बेस्टने, आकाशवाणीने, जाहिरात कंपन्यांनी आणि कॉलेजांनी उचलला. पगार त्यांनी दिला आणि पुस्तकं आपल्याला मिळाली. ज्यांना अशी नोकरी मिळाली ते लिहू शकले. ज्यांना मिळाली नाही, त्यांचं न लिहिलेलं कुठल्याच सूचीत नाही. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांची यादी हा फुकट लेखनाचा पुरावा म्हणून पुढे करणं म्हणजे जे तगले त्यांना मोजायचं आणि जे वाटेत पडले त्यांचं नावच काढायचं नाही.

आजही बघा. वेतन आयोगाचा पगार घेणारा प्राध्यापक बिनमानधनाची कथा देऊ शकतो. निवृत्तिवेतन घेणारा अधिकारी देऊ शकतो. ज्याच्या घरी दुसरं कुणी कमावतं तो देऊ शकतो. देवो बापडा, त्याच्या लेखनाशी माझं भांडण नाही. पण कंत्राटी शिक्षक, तासिकेवर शिकवणारी बाई, गोदामात पार्सलं लावणारा पोरगा, शेतीत तोटा सोसून बसलेला पदवीधर, यांनी महिनाभर एका कथेला द्यायचा तर त्या महिन्याचं भाडं कोण भरणार? फुकट लेखनाचा नियम वरवर सगळ्यांना सारखा दिसतो. प्रत्यक्षात तो पोट भरलेल्यांना आत घेतो आणि बाकीच्यांना दारात उभं करतो. मग तेच आतले लोक परिसंवादात बसून विचारतात की मराठीत नवे अनुभव का येत नाहीत, कष्टकऱ्यांचं जग साहित्यात का उतरत नाही.

जे सगळं झुगारून आत शिरले त्यांचं काय झालं? अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये राहिले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या साहित्याची देशी-परदेशी भाषांत भाषांतरं झाली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या आत होतं आणि गरिबीने त्यांची पाठ सोडलेली नव्हती. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचं स्मारक उभं राहिलं. पुतळ्याच्या खर्चाला कधी कुणी नाही म्हणत नाही. लेखक जिवंत असताना त्याच्या पानाचे पैसे वेळेवर द्या म्हटलं की मात्र सगळ्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या असतात. कवी नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिकून शिक्षक झाले आणि १९९५ साली परभणीला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या जिद्दीच्या गोष्टी आपण पाठ्यपुस्तकात घालतो. अशी जिद्द नसलेल्या साध्या गुणी माणसालाही लिहिता यावं, एवढी सोय मात्र करत नाही. कवीने आधी शिपाई व्हावं आणि मग कविता लिहावी, अशी अट ज्या समाजात असते त्याने त्या कवितेचं श्रेय घेऊ नये.

बायकांचं तर वेगळंच सांगायला हवं. पैसे मिळत नाहीत त्या कामाला घरात वेळ मिळत नाही, हा सरळ हिशेब आहे. बाई ऑफिसचं काम घरी घेऊन बसली तर घर गप्प बसतं, कारण त्या कामाने हप्ता भरला जातो. बाई कथा लिहायला बसली तर कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजायच्या, पाहुण्यांना चहा कुणी ठेवायचा, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ कुणी सांभाळायची, हे प्रश्न त्याच क्षणी उभे राहतात. ‘तुझं ते लिहिणं जरा नंतर कर ना,’ या वाक्यातलं ‘ते’ फार बोलकं आहे. मानधनाचे हजार-दोन हजार रुपये खात्यात आले की तेच घर थोडं तरी सरकून जागा देतं, हे माझ्या ओळखीतल्या कितीतरी लिहित्या बायकांनी अनुभवलं आहे. स्त्रियांच्या लेखनावर विशेषांक काढणाऱ्या आणि त्यांना मानधन न देणाऱ्या संपादकांना मी एवढंच सांगेन: बाईचं फुकट राबणं तिच्या घरात कमी होतं म्हणून तुम्ही तुमच्या अंकातही सुरू केलंत.

पुस्तकाची कथा आणखी वाईट. साधा हिशेब घ्या. तीनशे रुपयांचं पुस्तक, पाचशे प्रतींची आवृत्ती, दहा टक्के स्वामित्वधन. सगळी आवृत्ती पूर्ण किमतीवर हिशेब धरून खपली तरी लेखकाला पंधरा हजार रुपये होतात. कादंबरीला दोन-तीन वर्षं लागलेली असतात. हे पंधरा हजारही बहुतेकांना मिळत नाहीत, कारण किती प्रती छापल्या आणि किती गेल्या हे लेखकाला कळायची सोय नाही. हिशेब मागितला की ‘अजून बरेच गठ्ठे पडून आहेत’ असं उत्तर येतं आणि त्याच सुमारास ग्रंथप्रदर्शनात दुसऱ्या आवृत्तीची प्रत दिसते. अनेक ठिकाणी करारच होत नाही. कुठे उलट लेखकाकडूनच छपाईखर्च घेतात किंवा शंभर-दोनशे प्रती त्याच्या गळ्यात मारतात, आणि वर पुस्तकावर प्रकाशनसंस्थेचं नाव दिमाखात झळकतं. पदोन्नतीसाठी पुस्तक हवं असलेले प्राध्यापक हे पैसे मुकाट्याने भरतात आणि खऱ्या लेखकाचाही भाव तोच ठरतो.

कायदा लेखकाच्या बाजूने आहे, हे लिहिणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम काढून वाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तोंडी बोलीवर ‘पुस्तक आता आमचं’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तरी लेखक करार मागत नाही. मागितला तर आपल्यावर ‘व्यवहारी’ असा शिक्का बसेल, पुढचं पुस्तक कुणी घेणार नाही, अशी त्याला भीती असते. ही भीती त्याच्यात पद्धतशीर रुजवलेली आहे.

शेजारच्या हिंदीत काय घडलं ते पाहा. विनोदकुमार शुक्ल यांनी २०२२ साली, वयाची पंच्याऐंशी गाठताना, उघडपणे सांगितलं की इतकी वर्षं आपल्या पुस्तकांचं स्वामित्वधन किरकोळ मिळत आलं. प्रकाशकांनी आपापली बाजू मांडली, बराच गदारोळ झाला. पुढे त्यांची जुनी कादंबरी ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ दुसऱ्या प्रकाशकाकडून निघाली आणि २०२५ मध्ये रायपूरला त्यांना तिच्या सहा महिन्यांच्या विक्रीपोटी तीस लाख रुपये जाहीरपणे देण्यात आले. कादंबरी १९९७ची. ती नव्या पिढीने उचलून धरली, त्याच वर्षी ज्ञानपीठही जाहीर झालं होतं, हे खरं. तरी हिशेब उघड्यावर ठेवला आणि पुस्तक मनापासून विकलं की गंभीर साहित्यही लेखकाला पैसे देऊ शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. चांगलं साहित्य खपतच नाही, हे पालुपद आता तरी बंद करावं.

संमेलनांबद्दल बोलायचं तर मूळ हेतूच आठवावा लागतो. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ग्रंथकारांची सभा भरवली ती ग्रंथकारांना उत्तेजन मिळावं म्हणून. १८८५च्या सभेचं आमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं. जे सगळ्या माणसांचे हक्क मानत नाहीत त्यांच्या सभांशी आमचं जमायचं नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. दारात कुणाला उभं केलं जातं हा प्रश्न तेव्हापासून आहे. आज संमेलनाला सरकार देत असलेलं अनुदान कोटींच्या घरात गेलं आहे. त्यातून मंडप उभा राहतो, ध्वनिव्यवस्था लागते, भोजनावळी उठतात, मंत्र्यांची दालनं सजतात. ज्यांच्या नावाने हे चालतं त्यांच्या पुस्तकांची एक सलग खरेदी, एखाद्या नव्या लेखकाला वर्षभर लिहिता येईल अशी वृत्ती, करार तपासून देणारा एक वकील, यासाठी त्यातला किती भाग बाजूला पडतो? गावोगावच्या व्याख्यानमाला, स्पर्धांची परीक्षणं, कॉलेजांतले ‘लेखक आपल्या भेटीला’ हे सगळं याच माळेत बसतं. गाडीभाडं विचारलं की यजमान अवघडतात आणि शेवटी शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह हातात देऊन फोटो काढतात. शालीने वीजबिल भरता येत नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. मराठीतलं कितीतरी चांगलं लेखन पदरमोड करून काढलेल्या छोट्या नियतकालिकांतून आलं. साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’ यांसारख्या अनियतकालिकांनी कुणाला काय मानधन दिलं असणार? नसेलच दिलं. पण तिथे काढणारा स्वतःच्या खिशातून घालत होता, लिहिणारा लिहीत होता, दोघं मिळून गठ्ठे वाहत होते. जिथे कुणीच घेत नाही तिथे मीही घेणार नाही, आजही आनंदाने लिहीन. जिथे जाहिरात घेतली जाते, अंकाला किंमत लावली जाते, बाकी सगळ्यांची बिलं चुकती होतात, तिथे मला त्यागाचे धडे देऊ नका. पैशासाठी लिहिलं की दर्जा घसरतो, हा दुसरा आक्षेप तर खोटाच आहे. घाईने लिहिल्याने दर्जा घसरतो, आणि घाई होते ती पैशासाठी दहा किरकोळ कामं ओढावी लागतात म्हणून. तिसरा खर्डा करायला लेखकाला सवड हवी. सवड विकत घ्यावी लागते.

वाचकालाही या हिशेबातून मोकळं सोडता येत नाही. वाचनालयाची दिवाळी अंक योजना सगळ्यांना माहीत आहे. काही शे रुपये भरायचे आणि महिनोन्‌महिने अंक वाचत राहायचे. वाचावेत, जरूर वाचावेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत. मराठी वाचनसंस्कृती त्यांच्यावरच उभी आहे आणि ती मोडावी असं कुठलाही लेखक म्हणणार नाही. पण एक प्रत शंभर घरांत फिरते तेव्हा लेखकाला एकाच प्रतीचं स्वामित्वधन मिळतं. यावर जगाने उपाय काढलेला आहे. ग्रंथालयातून पुस्तक वाचकाच्या हाती जाण्याबद्दल सरकारने लेखकाला मोबदला द्यायचा, ही पद्धत डेन्मार्कने १९४६ पासून राबवली. ब्रिटनने १९७९ साली तसा कायदा केला. आज तीसहून अधिक देशांत ती चालते. वाचकाला एक पैसा जादा पडत नाही, ग्रंथालयालाही पडत नाही. आपल्याकडे तिची मागणी साहित्य संस्थांच्या ठरावांत अग्रभागी असायला हवी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. अभिजात भाषेसाठी केंद्रं, परिषदा, अध्यासनं येतील, त्यांवर पगारी माणसंही नेमली जातील. त्या भाषेत आज लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय येणार, हे कुणी विचारलेलं मला ऐकू आलं नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. लिहिणाऱ्यांना आजपासून करता येण्यासारखं बरंच आहे. कथा मागणाऱ्याला पहिल्याच फोनवर मानधन विचारायचं. उत्तर लेखी घ्यायचं, निरोपात आलं तरी चालेल. तारीखही त्यात असली पाहिजे. पुस्तकाला कराराशिवाय हस्तलिखित द्यायचं नाही आणि छापलेल्या प्रतींचा आकडा वर्षातून एकदा सहीसह मागायचा. व्याख्यानाचं गाडीभाडं आधी. परीक्षणाला बसवलं तर वाचलेल्या पुस्तकांचे पैसे. मिळालेलं मानधन एकमेकांपासून लपवायचं बंद करायचं, कारण या लपवाछपवीवरच देणाऱ्याचं साधतं. नामवंतांची जबाबदारी तर सगळ्यांत मोठी आहे. तुम्हाला पैशाची गरज नसेल, तरी घ्या. घेऊन हवं तर दान करा. तुम्ही फुकट दिलेली कथा तुमच्यामागून येणाऱ्या पोरीच्या कथेचा भाव पाडते. तिने मागितलं की तिला तुमचं नाव सांगून गप्प बसवतात, हे मी अनेकींच्या तोंडून ऐकलं आहे.

आणि नव्याने लिहिणाऱ्यांनो, तुम्हाला सांगतील की आधी नाव करा, पैसे मग आपोआप येतील. ते आपोआप येत नाहीत. ज्यांनी मागितले त्यांनाच ते आजवर आले आहेत. मागितल्यावर काही फोन पुन्हा येणार नाहीत, काही अंकांत नाव दिसणार नाही. तो तोटा सोसा. ज्याला तुमची कथा फुकट मिळाली तरच हवी आहे, त्याला ती नकोच आहे, फक्त पानं भरायची आहेत. कथा तुमच्या हातात आहे तोवरच तुमच्या हातात काहीतरी आहे. आकडा ठरल्याशिवाय ती हातातून सोडू नका.